करंगळी

निळ्या पाटीवर लिहिलं आहे:
'शिल्पकार उकंडराव निनावे यांची कार्यशाळा.
वारसा वास्तू, श्रेणी दोन.'
खाली वेळ. सोमवारी बंद.
वस्तूंना हात लावू नये.

हात लावू नये म्हणे.
एकवीस वर्सं मी इथं माती तुडवली.
पारडीहून बंडीनं यायची, काळी, चिकट,
तिच्यातले खडे येचता येचता नखं गेली.
आता तो पोरगा, गळ्यात ओळखपत्र घालून,
मले सांगते: "मावशी, धूळ पुसायची नाई.
धूळपण जुनीच आहे."

मालक तर बोंबलायचे धुळीवरून.
"वच्छले, फडकं कुठं मेलं?"
नागपूरचा मे, पत्रे कडकड वाजत,
घंट्याघंट्याले पोतं ओलं करून
अर्ध्या पुतळ्यावर टाका,
नाई तर गालाले तडा.
वाळ्याची ताटी आमच्यासाठी नाई, मातीसाठी होती.
आम्ही तिच्या कडेनं बसून भाकर खायचो.

पुतळे मोठ्या माणसाईचे.
चेहरा फोटोवरून यायचा,
कोट इतवारीच्या शिंप्याकडून उसना.
हाताचा फोटो कोणाजवळ नसते.
"ये वच्छले, उभी राह्य.
बोट वर कर. पुढं. असं,
जसे का समोर हजार लोक आहेत."
समोर दोन शेळ्या होत्या
अन् साच्यात वाळत पडलेलं कोणाचं तरी डोकं.

उजवी करंगळी माझी वाकडी.
प्लास्टरचं पोतं पडलं होतं तिच्यावर,
लग्नाच्या आदल्या वर्सी.
मालकानं पाह्यलं. सरळ नाई केलं.
"राहू दे आहे तशी," म्हणले,
अन् दाबली माती.

परवा पुण्याहून एक मॅडम आल्या,
मागं पंधरा पोरं, वह्या घेऊन.
"ही किंचित वळलेली करंगळी पाहा.
निनाव्यांनी कधी सही केली नाही.
हीच त्यांची सही."
पोरं लिहून घेऊन राह्यली होती.
मी बादलीजवळ उभी,
हात पदराखाली.

शेवटचा पुतळा राह्यला नाकापर्यंतच.
काचेच्या पेटीत आहे. काईतरी औषध मारलं त्यावर,
आता तडकत नाई, भिजतही नाई.
तरी दुपारी पत्रे वाजाय लागले
का हात पोतं शोधते.

सहाले कुलूप. ऑटो मोठ्या चौकातून वळते.
तिथं एक साहेब आहेत ब्राँझचे,
डोक्यावर कबुतरं, गळ्यात जयंतीचा वाळला हार,
इतक्या वर्सांपासून बोट दाखवून राह्यले.
नात विचारते, "आजी, हा कुठं दाखवते?"
मी पाह्यलं बोटाच्या दिशेनं.
सिग्नल सुटला होता.
"पारडीकडं," म्हणलं.
"माती तिकडूनच यायची."