मानवेलच्या चौकटी

चित्रातलं मला काही कळत नाही.
मी चौकटी करायचो.
अक्रोडाच्या, आणि त्याच्याकडे पैसे नसले की पॉपलरच्या.
मापात पाप करायचं नाही,
एवढीच बापाची शिकवण.

मानवेल दर सप्टेंबरात येरेवानहून बसने यायचा.
काखेत कॅनव्हास, कोटाच्या खिशात कांदा,
आणि सेवानच्या काठी एका काळ्या दगडावर बसायचा.
तोच दगड. तेच सरोवर. पलीकडे तोच डोंगर.
‘दुसरं काही नाही का रे जगात?’ मी एकदा विचारलं.
म्हणाला, ‘असेल. माझं हेच अजून संपलं नाही.’

पहिल्या वर्षी त्याचे बूट भिजले,
आमच्या तोनिरपाशी वाळत घातले होते.
पाचव्या वर्षी दगडापासून पाणी दहा पावलं दूर.
बाराव्या वर्षी, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं.
वरून हुकूम होता. बोगदे खणले होते,
सरोवर खाली दरीत सोडून वीज करत होते.
बेटावरच्या मठात चालत जाता येऊ लागलं.
माझी आई खूश, होडीचे पैसे वाचले.

सगळे म्हणाले, मानवेल, पुढे सरक.
तो सरकला नाही.
चित्रात खालून नुसते गोटे चढत गेले,
वाळल्या शेवाळाने पांढरे पडलेले,
एक उलथी होडी, तिच्याखाली कुणाच्या तरी कोंबड्या,
आणि वर निळं: चार बोटं, तीन बोटं,
मग करंगळीएवढं.

एकदा कमिटीचे साहेब आले.
नाव विसरलो, सोन्याचा दात आठवतो.
‘निसर्ग फार उदास आहे तुमचा,’ म्हणाले,
‘विजेचा एखादा खांब तरी टाका.’
मानवेलने टाकला.
उजव्या कोपऱ्यात, काडीएवढा,
आणि तारेवर एकही पक्षी बसवला नाही.
साहेबांच्या ते लक्षात आलं नाही.
माझ्या आलं, पण वीस वर्षांनी.

मग देश नवा झाला, सरहद्दी मिटल्या,
आणि तो हिवाळा आला.
दिवसाला एक तास वीज, तीही सरोवरातूनच उपसलेली.
मी पोतंभर बटाटे घेऊन शहरात गेलो,
पाच मजले अंधारात चाचपत चढलो.
पेरुझने दार उघडलं, अंगावर दोन कोट.
भिंतींवर चित्रं नव्हती. खिळे होते.
मानवेल पत्र्याच्या शेगडीपाशी बसलेला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘सेरोब जान, तुझा अक्रोड सावकाश जळतो.
पॉपलर मात्र भसकन जातो.’

एकतीस चौकटी.
पेरुझची छाती भरली होती, ती त्यांच्यावर मोकळी झाली.
मी मनात कोपरे मोजत होतो, एकशे चोवीस.
सुतार दुसरं काय करणार?
रागवायचं होतं, जमेना.
बटाटे निखाऱ्यात सारले.

इतक्यात दिवे आले.
पेरुझने पलंगाखालून गुंडाळ्या ओढल्या,
जमिनीवर पसरल्या, पलंगापासून दारापर्यंत.
काठ अडवायला काहीच नव्हतं,
एका सालचे गोटे पुढच्या सालच्या पाण्यात घुसले होते.
मानवेल मोज्यांतला पाय पहिल्या चित्राशी टेकवून म्हणाला,
‘इथे मी भिजलो होतो.’

दिवे गेले.
आम्ही तिघंही होतो तिथेच उभे राहिलो,
अंधारात कुठल्या वर्षावर पाय पडेल, सांगता येत नव्हतं.
बटाटे करपले, तरी कोणी हललं नाही.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.
म्हणतात, बोगदे आता उलटे भरतात, पाणी चढतंय,
काठावरची झाडं बुडताहेत.
सप्टेंबरात मी दगडापाशी जातो,
गुडघे कुरकुरतात, तरी पावलं मोजतो
आणि सुतारकामाच्या वहीत लिहून ठेवतो.
यंदा चारशे अकरा.
गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी,
की माझं पाऊल लांबलं?
पुन्हा मोजायला हवं.