बोटं

मतदान अधिकारी क्रमांक दोन.
काम एवढंच: डाव्या हाताची तर्जनी धरायची,
नखावरून कातडीपर्यंत एक रेघ ओढायची,
वाळेस्तोवर पुसू द्यायची नाही.
सहाशे बेचाळीस बोटं धरली मी त्या दिवशी
तासगावच्या पुढं, दुसरीच्या वर्गात,
पाढ्यांच्या तक्त्याखाली.

बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांची बोटं चिकट.
इलाही शिकलगाराचं बोट सगळं कापल्याच्या खुणांचं.
"बाई, जपून. ह्याला धार हाय."
रांग हसली.
हसली होती, हे मी कुठंही सांगेन.
त्याच्या मागं सुयोग, पहिलंच मत,
हात घामेजलेला.

पंधरा दिवस रिक्षावरचा भोंगा
एकच विचारत फिरला: गाव कुणाचं?
नळाचं कुणी काढलं नाही.
निकाल लागला अकरा मतांनी.
गुलाल शिकलगार गल्लीतच जास्त उडाला;
दारं आतून लावलेली,
म्हणून दारांवर.

आठव्या दिवशी धारेचं चाक विहिरीत सापडलं.
बाराव्या दिवशी नातू, यासीन, एसटी स्टँडवर.
भुवईला चार टाके.
पोरांची मस्ती, म्हणाले पोलीस पाटील.
फिर्यादीत आलं: अज्ञात इसम.

अज्ञात?
मी एकेक बोट हातात धरलं होतं.

एप्रिलात खरड छाटणी आली तशी
वडिलांच्या तीन कात्र्या पिशवीत घालून गेले.
चाक नाही, कानशीनं घासत बसलेला.
शाईची रेघ नखाच्या पार टोकाला सरकलेली.
"गिऱ्हाईक?"
"येतंय की. दिवे लागल्यावर.
कात्र्या शर्टात घालून आणत्यात.
सुयोगचा बापबी येऊन गेला."
"मग?"
"मग काय. दिली धार.
छाटणी चुकली तर वरीस जातं, बाई."

कानस थांबली. धार बघायला
त्यानं खोक्यातलं एक पत्रक उचललं,
हात जोडलेला उमेदवार, वर तोच प्रश्न.
कात्री मधून गेली.
आवाजसुद्धा झाला नाही.

नव्वद रुपये झाले. माझ्याकडं पाचशेची नोट,
त्याच्याकडं सुट्टे नव्हते.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "पुढच्या छाटणीला द्या."

ऑक्टोबर म्हणत होता तो.
मी मनात महिने मोजले,
आणि मधे आणखी एक मतदान आहे का,
तेही.