पान बेचाळीस

मालिका संपली तेव्हा चॅनेलनं पुस्तक काढलं,
‘निंबकरांच्या स्वयंपाकघरातून’.
गुळगुळीत कागद, सव्वाशे पाककृती,
युनिटमधल्या प्रत्येकाला एक प्रत फुकट.
(दोन महिन्यांचा पगार थकला होता, ते असो.)

चार वर्षं त्या घराचं जेवण मी मांडलं.
दिंडोशीहून सहाला निघायचं, चित्रनगरीत शिरायचं,
पितळी ताटं चिंचेनं घासायची,
केळीची पानं ओल्या फडक्यानं पुसायची
आणि धाकट्या सूनबाई रडायला लागण्याआधी
वरणातून वाफ निघेल अशी सोय करायची.
वाफ म्हणजे वाटीमागं लपवलेली उदबत्ती.
तूप म्हणजे ग्लिसरीन.
श्रीखंड म्हणजे दाढीचा फेस, आणि केशर
काथ्याचे दोन धागे, रंगवलेले.
पुरणपोळी एकच होती.
फ्रीजमध्ये राहायची, होळीला बाहेर यायची,
दोन डोहाळजेवणांत आणि एका बाराव्यातही तीच.
दर वेळी मी तिच्यावर तेलाचा ब्रश फिरवायचो.
पान बेचाळीसवर तिचाच फोटो आहे.
खाली छापलंय : थोरल्या जाऊबाईंची खासियत.

आता घरीच असतो.
हर्षलाची हॉस्पिटलात रात्रपाळी लागली
की घरात मी, हे पुस्तक,
आणि अगस्ती, वय पावणेदोन.
समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचं नाव ठेवलं
आणि याच्या घशाखाली तीन चमचे वरण उतरत नाही.

शेवटी एक प्रकरण आहे, ‘चिमुकल्यांसाठी’.
दोनशेव्या भागातला बाहुला :
नाचणीचं धिरडं, मनुकांचे डोळे.
मनुका अडकते घशात!
ज्यानं लिहिलं त्यानं मूल
फक्त कॅमेऱ्यासमोर बघितलेलं.
मी पेन्सिलीनं खोडलं. डोळे : बीट, किसून, वाफवून.
साखर खोडली. खजूर लिहिला.
‘गरमागरम वाढा’ यावर नुसती एक रेघ मारली.

पहिला बाहुला तव्याला चिकटला.
दुसऱ्याला एकच डोळा आला.
तिसरा अगस्तीनं दोन्ही हातांनी फाडला,
अर्धा केसांना चोळला, अर्धा खाली टाकला.
मी सवयीनं ओरडलो, ‘कट!’
तो इतका हसला, इतका हसला
की उघड्या तोंडात मी एक तुकडा सरकवला.
तेव्हापासून जेवताना दर घासाला कट.
शेजारच्या गोम्स आंटींनी परवा विचारलं,
शूटिंग अजून चालू आहे का?

मग शनिवारी पान बेचाळीस उघडलं.
डाळ एकदा लागली. पातेलं भिजत टाकलं,
सोसायटीच्या खालून पुन्हा पावशेर आणली.
पुरण वाटताना हर्षलाला फोन केला.
वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं, तिनं दबक्या आवाजात विचारलं,
‘जायफळ किती घातलंस?’
चार वर्षं मी तिची एवढी बडदास्त ठेवली,
तिला वास असतो
हे लक्षातच आलं नव्हतं.

पहिली फाटली. दुसरी फुगली,
आणि उलथन्यानं टोचताच
चष्म्यावर धुकं आलं.
अगस्ती माझ्या कडेवर, हात लांब करून
त्या धुराकडं, नव्हे, वाफेकडं बघत म्हणाला,
‘बाप.’
व आणि फ त्याला अजून जमत नाहीत.
मला हाक मारली की वाफेला, कळलं नाही.
मी दोघांच्या वतीनं ओ दिली.

त्यानं मधलं पुरण तेवढं खाल्लं, कडा परत केल्या.
कडा मी ओट्याशी उभ्यानंच संपवल्या.
हर्षलासाठी दोन झाकून ठेवल्या, वर खरं तूप.
मग फोटोच्या खाली, जाऊबाईंच्या नावाशेजारी,
तुपाच्या बोटांनी लिहिलं :

जायफळ अर्धं.
पहिली फाटते.