मानपत्रातला शब्द

एकोणीस वर्षं कॉलेजची मानपत्रं मीच लिहितो.
फेब्रुवारी लागला की प्राचार्यांची चिठ्ठी येते:
यंदा चार माजी विद्यार्थी, मजकूर एका पानात बसवा.
शिंप्याच्या डब्यात बटणं असावीत
तसे माझ्याकडे शब्द तयार असतात.
दैदीप्यमान. अविरत. सेवाव्रती.
आणि निःस्वार्थ,
जो कुणाच्याही काजात बसतो.

तीन मानपत्रं एका दुपारीत झाली.
धवडसाहेब पूल बांधतात,
रुखसाना अन्सारी मोमीनपुऱ्यातून हायकोर्टात पोचल्या,
आणि तिसरे मस्कतहून स्वखर्चाने येणार होते,
सभागृहाला दोन कूलर देऊन.

चौथं नाव : कुंदा टेंभुर्णे. बी.एस्सी., सत्त्याऐंशी.
लॅब टेक्निशियन, ग्रामीण रुग्णालय, एटापल्ली.
म्हणजे माझीच बॅच.
प्रॅक्टिकलला बेडकाला टाचण्या ती लावायची,
मी तोंड फिरवून उभा,
नंतर आकृती तिच्याच वहीतून उतरवायचो.

मसुदा पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन,
तुटत तुटत. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढली होती.
"निःस्वार्थ काऊन लिहिलं बाप्पा?
पगार घेतला ना मी. सहावा आयोग घेतला, सातवा घेतला,
थकबाकीसाठी गडचिरोलीत जाऊन भांडली.
काट तो शब्द."
मग काय लिहू?
"लिही, तीस हजारांवर काचा पाहिल्या.
लिही, लेकराच्या रक्तात विळ्यावानी पेशी दिसली
का मी तेच काच पुन्हा पाहत होती,
आपलंच चुकलं असन म्हणून.
चुकत नव्हतं."
आणि रेंज गेली.

मी शब्द काटला.
संस्थेच्या अध्यक्षांनी तो परत घातला.
म्हणाले, त्याशिवाय मानपत्र
मानपत्रासारखं वाटत नाही हो.

समारंभाला पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा.
नवे कूलर इतके गरजत होते
की धवडसाहेबांचा पूल कोणत्या नदीवर
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
कुंदा पहाटेच्या एसटीने आलेली,
खुर्चीच्या काठावर बसलेली,
जशी वॉर्डातून कुणी हाक मारेल.
निवेदिकेने तो शब्द ठासून वाचला.
टाळ्या पडल्या.
कुंदाने गर्दीत मला शोधलं,
आणि मी
संत्र्याच्या सरबताचे ग्लास मोजायला लागलो.

मागे तर्री-पोह्यांच्या टेबलाशी तिने गाठलंच.
नारळ चौकीदाराला देऊन झाला होता,
शाल पिशवीत. "नाइट ड्युटीच्या पोरीला होईल."
फ्रेम भिंतीला टेकवली,
पर्समधून काचेवर लिहायचा मार्कर काढला,
नमुन्यावर नंबर टाकतात तो,
आणि हात जराही न हलवता
त्या शब्दावरून एक निळी रेघ ओढली.
"हं. आता रिपोर्ट बरोबर आहे."
मग म्हणाली, तर्री तिखट नाही राहिली पहिल्यावानी.
मग विचारलं, तू अजून तोंड फिरवतो का रे
बेडूक दिसला का?

गणेशपेठ स्टँडवर सोडायला गेलो.
कंडक्टर म्हणाला, एवढी मोठी काच गाडीत नाही चालणार.
"राहू दे तुझ्यापाशी. पुढच्या फेरीत नेते."

ती फेरी अजून झालेली नाही.
फ्रेम माझ्या ऑफिसात, कपाटावर.
आत जाड माउंट आहे, कागदापासून काच बोटभर पुढे,
त्यामुळे खुर्चीत बसून पाहिलं
तर रेघ सरकते, वरच्या ओळीवर जाते,
तिच्या नावावरच पडते.

उठून उभं राहावं लागतं.
मग ती बरोबर जागेवर येते.