कार्ड क्रमांक अकराशे बारा

रॉदरहॅममधल्या आमच्या स्वयंपाकघरात
तुरीच्या डब्यावर 'युबिक्विटस' चिकटवलाय,
हिंगाच्या डबीवर 'पंजन्ट' (तो लगेच पाठ झाला),
आणि बॉयलरवर 'टेम्परामेन्टल'.
रोज पाच शब्द. पन्नाशीनंतर
अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहावे लागतात.

लेक म्हणते, आई, असं कुणी बोलत नाही गं.
खरंच नाही बोलत. बसवाल्याला म्हटलं,
आजचं हे भुरभुरणं इन्टरमिनेबल आहे,
तर तो म्हणाला, "सिंगल की रिटर्न, लव?"

शेजारच्या डोरीनचा केन गेला
तेव्हा मात्र मी तयारीनिशी गेले.
'इन्कन्सोलेबल' जिभेच्या टोकावर,
'बिरीव्हमेन्ट' आरशासमोर तीनदा घोकलेला.
ती फाटकाशी उभी होती,
हातात त्याचे गिरणीतले बूट,
विचारत होती, हे कुठल्या रंगाच्या बिनमध्ये टाकायचे.
मग म्हणाली, "ऑलराइट होता, अवर केन."
बस.
चाळीस वर्षं त्या एका शब्दात शिरली
आणि आतून कडी लावून घेतली.

माझे शब्द तोंडातच,
गरम बटाट्यासारखे, गिळवेनात, थुंकवेनात.
बूट घेतले तिच्या हातून.
पोलादी टोकांचे. जड होते.

रात्री नवं कार्ड काढलं: ऑलराइट.
मागची बाजू अर्थासाठी.
'बरा' लिहिलं, खोडलं.
'चांगला' लिहिलं, तेही खोडलं.
सध्या तिथे नुसतं
'होता' उरलंय.