हो जी

रजिस्टरवर पहिला डाग चहाचा पडला.
डॉक्टर निकोडे म्हणाले होते, यात चुका लिहा,
होता होता टळलेल्याही लिहा,
नाव नको, मेमो निघणार नाही.
आम्ही माना हलवल्या.
एकोणीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं,
म्हणून तीन आठवडे पानं कोरी,
आणि सुतळीनं बांधलेला पेन
खिडकीच्या वाऱ्यावर टेबलाला टकटक करत राहिला.

तान्ह्या पोळ्याची रात्र. लाइट गेलेली.
जनरेटर खोकला आणि बसला.
गडचिरोलीहून रक्ताची पिशवी आली
थर्माकोलच्या डब्यात, शेवंता कुमरेच्या नावानं.
मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली दाबून
मी चार नंबरच्या खाटेशी गेले.

शेवंता कुमरे ना गं तू?
हो जी.
सिकलची ना?
हो जी.
आधी लावलंय ना रक्त?
हो जी.

पिशवी टांगली. नळीतली हवा काढली.
खाली चटईवर तिचा पोरगा उठून बसला,
पोटाशी लाकडी नंदी,
शिंगाचा बेगड माझ्या उजेडात चमकला.
म्हणाला, मायले त इच्चू चावला जी,
रक्त कायले?

नऊ नंबरवर दुसरी शेवंता कुमरे
भिंतीकडे तोंड करून गुडघे दाबत होती,
संध्याकाळपासून.
तिनं मला हाक मारली नव्हती.
आमच्याकडे कोणी हाक मारत नाही.

ग्रुप दोनदा वाचून पिशवी नऊ नंबरला गेली.
पोरगा परत झोपला.
कोणाला कळलं नसतं.

पहाटे मी सुतळी ओढली.
लिहिलं: लाइट नव्हती. खोडलं.
लिहिलं: नाव सारखं होतं. खोडलं.
मग लिहिलं: मी जे विचारलं
त्याला एकच उत्तर होतं.

ही बाई तलाठ्याला हो जी म्हणते,
रेशनवाल्याला, जंगलाच्या गार्डला,
अंगठा कुठे म्हणाल तिथे हो जी.
ती माझ्या गणवेशाला नाही कशी म्हणेल?

डॉक्टर म्हणाले, नाव तिलाच सांगू द्या, सोबत नवऱ्याचं.
पुरुषांना असंच सुचतं.
नवऱ्याचं नाव विचारलं की बाया
पदर तोंडात धरून शेजारणीकडे बघतात.
शेवटी अनसूया मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली,
माहेर इचारा ना बाई.

आता मनगटावरच्या चिकटपट्टीवर
नाव, ग्रुप, माहेर.
शेवंता कुमरे, मोहटोलीची.
शेवंता कुमरे, येरंडीची.
माहेर विचारलं की गप्प बाई बोलायला लागते,
नाला, मोहाची दोन झाडं, भाऊ येत नाही तो.
औषधं वाटायला अर्धा तास जास्त जातो.
त्यावरून कुरकुर आहे. तीही लिहिली.

काल सहा नंबरची म्हातारी
गोळी तळहातावर घेऊन बघत बसली.
नाही जी, म्हणाली,
हे माही नोहे. कालची पिवळी होती.

गोळी तिचीच होती. कंपनी बदललेली.
मी पाकीट वाचून दाखवलं,
थांबवलंत ते बरं केलंत म्हटलं,
आणि सत्तेचाळीसाव्या पानावर लिहिलं:
सहा नंबर. नाही म्हणाली.