न बघता

सात वाजून दहा मिनिटांनी
कचरागाडीचं गाणं कोपऱ्यावर वळतं
आणि रिबन फाटकावर चढून स्वतःला विसरते.

रिबन म्हणजे कुत्री. पाठीला काळी, पोटाकडे तांबडी,
जुन्या दुरंगी फितीसारखी, म्हणून ते नाव.
लोकमान्य नगरच्या नाल्यापाशी सापडली तेव्हा ओंजळीत मावली,
आता चौदा किलोंचा आवाज आहे.
मानेवरचे केस ताठ, डोळ्याची पांढरी कोर बाहेर,
गाडीवरचा पोरगा लांबूनच ओरडतो,
"मॅडम, गीला अलग, सूखा अलग, और कुत्ता भी अलग!"

मग मीही ओरडायचे. आम्ही दोघी ओरडायचो.
डोक्यावर थोपटायचे, पटपट पटपट.
ती आणखीच पेटायची.

समोरच्या घरी बाळाला चोळायला कंचनबाई येते.
साठीची, मनगटं लाकडी, अंगाला तिळाच्या तेलाचा वास.
एकदा रस्त्यातच थांबली, बघून हसली.
"बई, यो हात हे के हथोड़ो?"

खोटं नव्हतं.
एकतीस वर्षं जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
मी पोरांना आपटायलाच शिकवलं.
मिनिटाला हिंदी तीस, इंग्रजी चाळीस,
बारा यंत्रं, बारा घंट्या,
आणि घरी कुणाच्या पाठीवर हात ठेवला
तर तोही ओळ संपल्यासारखा उचलून घेतला.

कंचनबाई पायरीवर बसली. तोंड रस्त्याकडे.
कुत्रीकडे बघितलंच नाही.
बोटांची मागची बाजू तिच्या खांद्याला लावली,
तीन श्वास,
आणि हात काढून मांडीवर ठेवला.
नुसता ठेवला.
"पूछी ने हात लगाजो."

रिबननं जांभई दिली. ओठ चाटले.
मग अर्धं पाऊल सरकून
आपला खांदा त्या रिकाम्या हाताखाली आणून दिला.

तेव्हापासून मी शिकाऊ आहे.
खांदा, छाती, मग कानाचं मूळ,
तिथून टोकापर्यंत सावकाश,
सुकलेला रुमाल दुमडावा तसा.
पंजे नाहीत. पंज्यांची परवानगी अजून आलेली नाही.
करंगळी, सगळ्यात दुबळं बोट,
जिच्यावरून मी शेकडो पोरांना रागावले,
कानामागे तिला नेमकी तीच लागते.

वर्गात सांगायचे, कळफलकाकडे बघायचं नाही,
बोटांना माहीत असतं.
आता रिबनच्या डोळ्यांत बघत नाही,
सोमाण्यांच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघते.
बोटांना काहीच माहीत नसतं.
ती विचारतात.

पावणेसातला बसतो आम्ही. गाणं यायच्या आधी;
गाणं आल्यावर कोण कुणाचं ऐकतं?
आणि गाणं माझ्या कानांआधी तळव्याला येतं,
कातडीखाली कुठेतरी एक कळ दाबली जाते.
पूर्वी मी हात घट्ट केला असता.
आता श्वास लांबवते, हात जड होऊ देते,
भाकरी तव्यावर टाकून वाट बघावी
तितकाच वेळ.

सोमवारी ती दोनदा भुंकली.
मिनिटाला दोन. या वेगाला कुठलंच सर्टिफिकेट नाही.
सगळं अंग झटकलं, नाकापासून शेपटीपर्यंत,
आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकली.
गुरुवारी कुणाच्या तरी वरातीचा बँड आडवा आला,
पुन्हा फाटक, पुन्हा चौदा किलो.
बादली माझ्याच हातून सांडली, गीला आणि सूखा एकत्र.

काल कंचनबाईचं मनगट सुजलेलं दिसलं.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची बाळं.
मी तेल कोमट केलं, पायरीवर तिच्या शेजारी बसले,
तोंड रस्त्याकडे,
हात मांडीवर ठेवला.

ती बराच वेळ टाकीकडे बघत राहिली.
मग जांभई दिली.